बँकेला सुट्टी असेल तर पगार कधी जमा होतो? कागदपत्रं काय लागतात आणि पगार अडकला तर काय करायचं

एका छोट्या कारखान्याचा पगार दर महिन्याला मीच अपलोड करते, 42 माणसं आहेत, आणि महिनाअखेरीला शनिवार-रविवार किंवा सण आला की सगळ्यांचा एकच प्रश्न, "ताई, बँक बंद आहे, मग पगार सोमवारीच का?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

तर बँकेच्या सुट्टीमुळे पगार अडकायचा तो काळ बराचसा गेला. एनईएफटी, म्हणजे एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवायची सोय, 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास आणि वर्षाचे सगळे दिवस चालू आहे, दर अर्ध्या तासाला बॅच जाते. मोठ्या रकमांसाठीचं आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून तसंच झालं. मोठ्या कंपन्यांचे पगार ज्या नाच (NACH, एकदम अनेक खात्यांत पैसे टाकायची आणि खात्यांतून हप्ते कापायची) सिस्टीमने जातात ती आधी फक्त बँकेच्या कामाच्या दिवशी चालायची, 1 ऑगस्ट 2021 पासून तीही रविवारी आणि सुट्टीला चालते. म्हणजे 1 मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असली, शाखेला कुलूप असलं, तरी त्या दिवशी पगाराचा मेसेज येऊ शकतो.

मग उशीर होतो कुठे? माणसापाशी होतो. पगाराची फाईल एकजण अपलोड करतो, त्याला मेकर म्हणतात, आणि दुसरा कुणीतरी, बहुतेक ठिकाणी मालकच, ओटीपी टाकून पास करतो, तो चेकर. आमच्याकडे एकदा असं झालं की मी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फाईल टाकली, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, आणि साहेब गावाकडे लग्नात, तिथे रेंजच नाही. फाईल पेंडिंग पडून राहिली. सोमवारी अकरा वाजता त्यांनी पास केली आणि पाच मिनिटांत पोरांचे फोन यायला लागले, आला पगार म्हणून. पण त्यातल्या एकाचा गाडीचा हप्ता रविवारीच लागला होता, खात्यात पैसे नव्हते, बाऊन्सचे चार्जेस वर लागले. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण बँकेचा त्यात काही दोष नव्हता, मी फाईल गुरुवारी टाकायला हवी होती.

हे हप्त्याचं नीट लक्षात ठेवा. पगार सुट्टीला येऊ शकतो तसा हप्ताही सुट्टीला कापला जातो, ईएमआय, एसआयपी, विमा सगळंच. पूर्वी रविवारी तारीख आली की सोमवारपर्यंत सवड मिळायची, आता ती धरू नका. पगार 7 तारखेपर्यंत येत असेल तर हप्ता 10 च्या पुढचा मागून घ्या, कर्ज घेतानाच सांगितलं तर सोपं जातं.

अजूनही काही ठिकाणी सुट्टीचा फटका बसतोच. लहान संस्था शाखेत एक चेक आणि नावांची यादी नेऊन देतात, ते काउंटरचं काम, ते सुट्टीला होणारच नाही. चेक क्लिअरिंग पण सुट्टीला बंद, म्हणजे कंपनीला गिऱ्हाइकाकडून आलेला चेक वटला नाही तर पगाराला बॅलन्सच नसतो. शाळांचे पगार शालार्थमधून (शाळांच्या पगारबिलांची सरकारी ऑनलाइन सिस्टीम) बिल होऊन कोषागारातून येतात, तिथे सरकारी सुट्टी मोजावी लागते. 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद असतात. दुसरा आणि चौथा शनिवार बंद हे 2015 पासून आहेच. आणि सुट्ट्या राज्याप्रमाणे वेगळ्या, 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची महाराष्ट्रात सुट्टी, गोव्यात नाही, 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त म्हणून गोव्यात बंद आणि आपल्याकडे चालू. कंपनीचं खातं पणजीत आणि तुम्ही कोल्हापुरात असाल तर चेक-यादीवाल्या पगाराला तिथली सुट्टी बघायची.

आता कागदपत्रं. केवायसी पूर्ण असलेलं, वापरात असलेलं कुठलंही बचत खातं पगाराला चालतं, पण झिरो बॅलन्सचं सॅलरी अकाउंट हवं असेल तर कंपनीचं त्या बँकेशी टायअप लागतं आणि कंपनीचं पत्र लागतं. ऑफिसला द्यायचं ते एवढंच: कॅन्सल चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, पॅन, आधार आणि बँक डिटेल्सचा फॉर्म. खाते नंबर हाताने लिहून देऊ नका, खरंच नका देऊ, कारण एनईएफटीत पैसे खाते नंबरवर जमा होतात, नाव जुळतंय का ते बघून नाही, एक आकडा चुकला आणि ते खातं दुसऱ्याचं निघालं तर पगार तिकडे. आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, 11 अक्षरांचा असतो, पाचवं शून्य असतं, ते ओ नव्हे. बँका एकत्र झाल्या की कोड बदलू शकतात, विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, तिथे खातं असणाऱ्यांनी एकदा शाखेत विचारून घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं जुनं खातं देऊ नका, ते निष्क्रिय झालेलं असतं.

पगार आला नाही तर आधी अकाउंट्सला विचारा की फाईल पास झाली का, आणि झाली असेल तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर, मागा. नंबर मिळाला म्हणजे पैसे कंपनीकडून निघाले, तो घेऊन आपल्या बँकेत जा. नंबरच नसेल तर अडचण ऑफिसमध्ये आहे, बँकेत रांग लावून उपयोग नाही. नाचने आलेले पैसे खात्यात जमा झाले नाहीत तर बँकेने ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत पाठवायला हवेत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, असं आरबीआयचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा आरबीआयचा अधिकारी) फुकट तक्रार करता येते. कंपनीच उशीर करत असेल तर ते कामगार आयुक्त कार्यालयाचं काम, तिथे हजेरी आणि आधीच्या पगाराच्या स्लिपा घेऊन जा.