पीबीसीच्या नावातून ‘सिरोसिस’ का गेला : पार्श्वभूमी

यकृताच्या ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याच्या) आजारांपैकी पीबीसीचे पूर्ण नाव २०१५ पर्यंत ‘प्रायमरी बिलिअरी सिरोसिस’ (सिरोसिस म्हणजे यकृत कडक होण्याचा शेवटचा टप्पा) असे होते. त्यानंतर ते ‘प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस’ (कोलँजायटिस म्हणजे पित्तनलिकांचा दाह) झाले. १८५१ साली या आजाराचे वर्णन झाले ते कावीळ आणि त्वचेवरच्या पिवळसर गाठींवरून, म्हणजे यकृताची बरीच हानी झाल्यावर. पुढे शंभरेक वर्षांनी नाव रूढ झाले तेही अशाच रुग्णांवरून.

चित्र पालटले १९६५ मध्ये, रुग्णांच्या रक्तात मायटोकाँड्रियाविरोधी (पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांविरुद्धची) प्रतिपिंडे सापडली तेव्हा. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ कापावर रुग्णाचे रक्तद्रव घालून चकाकणाऱ्या रंगद्रव्याने पाहिले की तिथल्या नलिका हिरव्या उजळतात. सुमारे ९५ टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडे आढळत असल्यामुळे तळहात-तळपायांची खाज आणि रक्तात वाढलेले अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर एवढ्यावरून शोध सुरू होऊन, यकृत कडक होण्याच्या कितीतरी आधी निदान होऊ लागले. नाव मात्र शेवटच्या टप्प्याचेच राहिले.

रुग्णसंघटनांनी बदलाचा आग्रह धरला तो याच कारणाने. सिरोसिस हा शब्द मुळात १८१९ मध्ये यकृताच्या पिवळट-तांबूस रंगावरून आला. पण आपल्याकडेही तो दारूला असा चिकटला आहे, की दारूला कधीही न शिवलेल्या पन्नाशीच्या बाईच्या फायलीवर तो दिसला तरी नातेवाइकांच्या नजरा बदलतात. (या आजाराच्या रुग्णांत बहुसंख्य स्त्रियाच असतात.) आक्षेपही होते. कोलँजायटिस म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर खड्यामुळे तुंबलेली पित्तनलिका, थंडी-ताप आणि जंतुसंसर्ग उभा राहतो. इथे तर जंतूंचा संबंध नाही, आणि दाह सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या बारीक नलिकांचा. शिवाय पीएससी (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस) या पित्तनलिकांच्या दुसऱ्या विकाराशी गल्लत होण्याची धास्ती होतीच. हे आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असले, तरी रुग्णाला वर्षानुवर्षे वागवावा लागणारा गैरसमज त्यांहून जड होता, असे म्हणावे लागते. संक्षेप तोच ठेवल्याने जुने संशोधन शोधण्याची अडचण तेवढी टळली.

आज अल्कलाइन फॉस्फटेज, प्रतिपिंडे आणि बायोप्सी या तिन्हींपैकी दोन पुरावे जुळले की निदान पक्के मानतात, त्यामुळे बहुतेकांना बायोप्सी लागत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल अजूनही पहिले औषध आहे. ते पुरे न पडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये तिथे आणखी दोन औषधांना परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र के ७४.३ या संकेतांकापुढे अजून ‘सिरोसिस’च छापलेले आहे.