हॅम रेडिओचा आवाज संगणकावर नोंदवणे

हौशी रेडिओच्या संचावर, म्हणजे हॅम मंडळींच्या ‘रिग’वर, ऐकू येणारा आवाज तारेने थेट संगणकात घेऊन साठवण्याची पद्धत. सकाळची नेट (ठरल्या वेळी हॅम मंडळींची रेडिओवर भरणारी बैठक), दूरचे अंधुक स्टेशन किंवा स्वतःच्या ऑडिओबद्दल मिळालेला रिपोर्ट पुन्हा ऐकण्यासाठी ती उपयोगी पडते. स्पीकरसमोर लॅपटॉप ठेवूनही काम भागते. पण मग कूलर, पंखा आणि अंगणातले कुत्रेही नोंदीत येतात.

आयकॉम आयसी-७३०० सारख्या नव्या संचांत साउंड कार्ड आतच असते. एक यूएसबी केबल लावली की संगणकाला आवाज मिळतो, आणि पुढे सांगितलेला बराच खटाटोप वाचतो. जुन्या संचांपैकी अनेकांच्या मागे ६ पिनांचे मिनी-डिन डेटा सॉकेट असते. त्यात बहुधा २ नंबरची पिन ग्राउंड आणि ५ नंबरची ऑडिओ आउटपुट असते. तरी सोल्डर करण्याआधी मॅन्युअल पाहावे. इथली पातळी व्हॉल्यूमच्या बटणाने बदलत नाही, म्हणून शक्यतो हीच जागा निवडावी. स्वतःचे प्रक्षेपण मात्र या वाटेने येतेच असे नाही. हेडफोनच्या भोकातून आवाज घेतला तर स्पीकर बंद पडतो आणि व्हॉल्यूम हलवला की नोंदही वर-खाली होते. गाडीत बसवायच्या काही व्हीएचएफ संचांत स्पीकरची कुठलीच तार चासिसला, म्हणजे संचाच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली नसते. तिथे एक टोक ग्राउंड केले की ऑडिओची चिप (आयसी) जळू शकते.

संगणकाला लाइन-इन, म्हणजे माइकपेक्षा मोठा सिग्नल घेणारे भोक, असेल तर डेटा सॉकेटमधला सिग्नल सरळ चालतो. लॅपटॉपच्या माइक इनपुटला मात्र काही मिलिव्होल्ट पुरतात. स्पीकरचा व्होल्टभर सिग्नल दिला की आवाज फाटतो. त्यासाठी १०० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि १ किलोओहमचा ग्राउंडकडे लावावा. त्याने पातळी सुमारे १०० पटींनी उतरते. डेटा सॉकेटसाठी १०० ऐवजी १० किलोओहम पुरतो. माइक इनपुटवर २-३ व्होल्टचा डीसी असतो, तो अडवायला पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. हेडफोन-माइकचे एकच भोक असलेले लॅपटॉप मग ‘माइक लागलाच नाही’ असे धरून बसतात. माइक आणि ग्राउंड यांच्यामध्ये, कपॅसिटरच्या लॅपटॉपकडच्या बाजूला, २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की बहुधा ओळख पटते. एवढे करण्यापेक्षा स्वस्तातले यूएसबी साउंड कार्ड घेणे सोपे. त्यालाही बहुतेक वेळा माइक इनपुटच असते, तेव्हा पातळी उतरवणे टळत नाही.

खेड्यात खरी डोकेदुखी म्हणजे गुणगुण. लॅपटॉपच्या चार्जरमधून गळणारा अगदी थोडा करंट ऑडिओ केबलच्या जाळीतून रिगच्या अर्थिंगकडे जातो आणि ५० किंवा १०० हर्ट्झचा घुमारा नोंदीत उमटतो. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्या याच करंटच्या. त्यात विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो. मे महिन्यात रॉडच्या खड्ड्यात पाणी ओतून फरक पडला तर अर्थिंग कमजोर आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या वाटेचा. लाईन गेली आणि रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर असली की ही तपासणी आपोआपच होते. खात्रीचा उपाय म्हणजे ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर; तो दोन्ही बाजू तारेने न जोडता आवाज पलीकडे पोचवतो. भंगारातल्या डायल-अप मोडेममध्ये तो सापडतो. दोन्ही बाजूंची ग्राउंड एकमेकांना जोडायची नाहीत, नाहीतर ट्रान्सफॉर्मर लावून उपयोग शून्य.

सेकंदाला एकदा ‘टक’ ऐकू येत असेल तर केबलला दोष देऊ नये. अँटेना काढून पाहावी. टकटक थांबली तर ती बहुधा रानडुकरांसाठी वावराच्या धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनची असते: तारेला गवत टेकले किंवा जोड ढिला पडला की तिथे ठिणगी उडते. रिगचा नॉइज ब्लँकर (असे क्षणिक टक्के कापणारी सोय) तिला बराच आवरतो. नोंद झाल्यावर सॉफ्टवेअरने ती पुसणे अवघड जाते.

प्रक्षेपण करताना नोंद खरखरली किंवा यूएसबी कार्डाचा संगणकाशी संपर्क मध्येच तुटला, तर रेडिओ-लहर केबलवर चढली आहे. केबल आखूड करावी आणि ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट (चुंबकीय) रिंगमधून तिचे ८-१० वेढे घ्यावेत. केबलवर नुसती चिमटवलेली फेराइट क्लिप, म्हणजे एकच वेढा, एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) फारसे काही करत नाही.

ऑडासिटी या आवाज नोंदवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोनो, १६ बिट निवडावे. एसएसबीचा (सिंगल साइडबँड, हॅमची बोलण्याची नेहमीची पद्धत) आवाज सुमारे ३ किलोहर्ट्झच्या आत मावतो, त्यामुळे ८००० हर्ट्झ सॅम्पलिंग पुरते. तासाला ५८ एमबीच्या आसपास जागा लागते. ४८००० वर तीच ३४६ एमबी होते. सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्यावा. विंडोजमधली माइकची ‘सुधारणा’ आणि गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती अंधुक स्टेशनालाच गोंगाट समजून गिळते.

मृगाच्या तोंडावर आभाळ भरू लागले की अँटेना, ऑडिओ केबल आणि चार्जर तिन्ही काढून ठेवावेत. वीज डीपीच्या लाईनीतूनही घरात शिरते, आणि केबल जोडलेली असली तर रिग व लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जातात. गडगडाट जवळ आल्यावर मात्र अँटेनाच्या तारेला हात लावू नये.