विल्यम हॉय : खुणांच्या वादात हरवलेला सेंटर फील्डर

बेसबॉलमध्ये अंपायर हात उचलून स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा बॉल) देतो. ही खूण विल्यम हॉय या कर्णबधिर खेळाडूमुळे आली का, हा वाद अजून मिटलेला नाही. या वादात हॉयचा खेळच मागे पडतो, याचं वाईट वाटतं.

हॉयचा जन्म १८६२चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. तीन वर्षांचा असताना मेंदूज्वरात त्याची श्रवणशक्ती गेली. कोलंबसच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकून त्याने गावी जोड्यांचं दुकान टाकलं. उन्हाळ्यात गावातली माणसं अनवाणीच फिरत, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. मग हा दुकानाबाहेर पोरांबरोबर बॉल खेळे. १८८६ मध्ये तो ऑशकॉश संघाकडून व्यावसायिक खेळू लागला.

तेव्हा अंपायर निकाल ओरडून देई. फलंदाजी करताना हॉयला तो कळायला मान मागे वळवावी लागे आणि तेवढ्यात पिचर पुढचा बॉल टाकून मोकळा होई. शेवटी तिसऱ्या बेसजवळ (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) उभा असलेला कोच त्याला हाताने निकाल दाखवू लागला. एवढं खरं. पण अंपायरांनी ही पद्धत त्याच्यावरूनच उचलली, याचा ठोस पुरावा नाही. साय रिग्लर आणि बिल क्लेम या अंपायरांचीही नावं घेतली जातात.

खेळाबाबत मात्र वादाला जागाच नाही. १८८८ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच मोसमात त्याने ८२ बेस चोरले, म्हणजे हिटची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला; नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक. (चोरीची व्याख्या तेव्हा सैल होती, त्यामुळे हा आकडा आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नये.) १९ जून १८८९ रोजी त्याने आउटफील्डमधून (मैदानाच्या लांबच्या भागातून) थ्रो करून एकाच सामन्यात तीन धावपटूंना होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्यावर, बाद केलं. प्लेटमागे बॉल झेलणारा कॅचर होता कॉनी मॅक, पुढे नामांकित झालेला मॅनेजर. आउटफील्डच्या मधल्या भागातून, सेंटर फील्डमधून, तिथवर अचूक थ्रो एकदा जमला तरी लोक वर्षभर बोलतात!

१८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून काढलेल्या प्लेयर्स लीगमध्येही तो होता. पुढे सेंट लुइस, सिनसिनाटी, लुइव्हिल, शिकागो असे संघ झाले. १६ मे १९०२ रोजी त्याच्यासमोर पिचर होता न्यूयॉर्कचा ल्युथर टेलर, तोही कर्णबधिर. हॉयने त्याला दोन हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारले.

त्याच वर्षी त्याने मेजर लीग (अमेरिकेतलं सर्वोच्च पातळीचं बेसबॉल) सोडली, तेव्हा त्याच्या नावावर दोन हजारांहून अधिक हिट होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये, ९९व्या वर्षी, त्याने सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाच्या अंतिम मालिकेच्या) सामन्याआधी मानाचा पहिला बॉल टाकला. डिसेंबरात तो गेला. बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला अजूनही जागा मिळालेली नाही.