इतिहास जपणाऱ्या फाईली: एससीसीएसपासून गिटपर्यंत

व्हर्जन कंट्रोलचा, म्हणजे फाईलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या सिस्टिमचा, विषय निघाला की बोलणं बहुधा कमांडभोवतीच फिरतं. कमिट (बदलांची नोंद) कसं करायचं, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) कधी काढायची, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) आला तर काय करायचं, वगैरे. ती कमांड डिस्कवर नेमकं काय लिहून ठेवते, हे फारसं कुणी उघडून बघत नाही. खरं तर बघायला हवं. जुन्या कामातलं काय सिस्टिमला सांगता येईल आणि कशाचा पत्ताच लागणार नाही, हे तिच्या फाईल-फॉरमॅटमध्ये ठरून गेलेलं असतं. कमांड पुढे सुधारता येतात; हजारो ठिकाणी पसरलेला फॉरमॅट बदलणं मात्र फार जड जातं.

सुरुवात १९७२ सालची. बेल लॅब्जमधल्या मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली आयबीएमच्या मोठ्या संगणकावर लिहिली आणि मग ती युनिक्सवर आली. डिस्क महाग होती, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीची पूर्ण प्रत ठेवणं परवडणारं नव्हतं. युनिक्सवर एससीसीएस जशी रूढ झाली, तशी तिच्या फाईलमध्ये सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकमेकींत गुंफलेल्या असतात. मध्येमध्ये खुणेच्या ओळी: इथून पुढचा मजकूर अमुक बदलात आला, इथून पुढचा तमुक बदलात गेला. हवी ती आवृत्ती काढायची तर फाईल एकदा वरून खालपर्यंत वाचायची आणि लागू असतील तेवढ्याच ओळी उचलायच्या. ताजी आवृत्ती असो की पहिली, वेळ सारखाच. फाईलच्या पहिल्याच ओळीत चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, असतो. हाताने एखादं अक्षर जरी बदललं तरी पुढची कमांड फाईल बिघडल्याचं सांगून थांबते. इतिहासात कुणी ढवळाढवळ केली तर ती कळायला हवी, हा विचार इतक्या लवकर फॉरमॅटमध्ये आला याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण रोजच्या कामात माणसाला बहुतेक वेळा ताजी आवृत्तीच लागते. पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी नेमकं हे हेरलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीएस आणली. आरसीएसच्या फाईलच्या नावाला शेवटी स्वल्पविराम आणि ‘व्ही’ लागतं. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सहज वाचता येते. वर ‘हेड’ म्हणून सर्वांत नव्या आवृत्तीचा क्रमांक, समजा १.३. त्याखाली प्रत्येक आवृत्तीची तारीख, लेखक आणि ‘नेक्स्ट’ नावाचा रकाना. मुख्य शाखेवर हा ‘नेक्स्ट’ मागे नेतो: १.३ कडून १.२ कडे, तिथून १.१ कडे. मजकूर फक्त १.३ चा पूर्ण असतो. १.२ च्या जागी ‘डी५ २’, ‘ए७ ३’ अशा सूचना असतात. पाचव्या ओळीपासून दोन ओळी काढा, सातव्या ओळीनंतर तीन ओळी घाला. म्हणजे नव्यावरून जुनं काढायचं, उलट्या दिशेने.

ताजी आवृत्ती क्षणात हातात येते, ही या रचनेची कमाई. तिची किंमत ब्रँचला मोजावी लागते. ब्रँचवरची आवृत्ती हवी असेल तर आधी मुख्य शाखेवरून फाट्यापर्यंत मागे यायचं आणि मग ब्रँचवर सुलट्या बदलांनी पुढे जायचं. बारकावे आणखीही आहेत. मजकुराभोवती ‘@’ चं कुंपण असतं, म्हणून मजकुरात कुठे ईमेल पत्ता आला की त्यातलं ‘@’ दोनदा लिहावं लागतं. आणि १९९९ पर्यंतच्या तारखांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे, २००० पासून पूर्ण चार. जुनी फाईल मोडू न देता वर्ष २००० चा प्रश्न असा सोडवला गेला.

यानंतर आली सीव्हीएस. ॲमस्टरडॅमच्या डिक ग्रुन यांनी १९८६ मध्ये आरसीएसभोवती काही शेल स्क्रिप्ट रचल्या. ब्रायन बर्लिनर यांनी १९८९ च्या सुमारास तिला सी भाषेतलं रूप दिलं. तिने अनेकांना एकाच वेळी, दूरवरून काम करायची सोय दिली. मुक्त सॉफ्टवेअरची एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली. पण सर्व्हरवर फाईली त्याच होत्या, एका सोर्स फाईलमागे एक आरसीएस फाईल. एका कमिटमध्ये दहा फाईली बदलल्या तर दहा ठिकाणी दहा सुट्या नोंदी व्हायच्या. त्या एकत्र झाल्या होत्या, हे लिहायला फॉरमॅटमध्ये जागाच नव्हती. मध्येच कनेक्शन तुटलं तर अर्ध्या फाईली नव्या, अर्ध्या जुन्या. फाईलचं नाव बदललं तर जुना इतिहास जुन्या नावापाशी राहायचा आणि ती फाईल ‘ॲटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये जायची. पुढे लोक सीव्हीएस सोडून दुसरीकडे निघाले, तेव्हा रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला अंदाजच बांधावा लागायचा: लेखक तोच, संदेश तोच आणि वेळ जवळपासची, म्हणजे ते एकच कमिट असावं. लाखो ओळींच्या प्रकल्पांचा इतिहास असा अंदाजावर पुन्हा जुळवला गेला.

सबव्हर्जनने हे दुखणं दूर केलं. आवृत्तीचा क्रमांक एकेका फाईलला न देता सगळ्या रेपॉझिटरीला, म्हणजे प्रकल्पाच्या अख्ख्या साठ्याला, दिला. २००४ मध्ये १.० आलं तेव्हा साठवण बर्कले डीबी या डेटाबेसमध्ये होती. लवकरच साध्या फाईलींवरची एफएसएफएस पद्धत आली आणि १.२ पासून तीच डीफॉल्ट झाली.

मग एप्रिल २००५. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम तोवर बिटकीपर या व्हर्जन कंट्रोल सिस्टिमवर चालत होतं आणि त्याच्या पोटात एससीसीएसचीच गुंफण होती. त्याची मोफत परवानगी संपणार हे स्पष्ट झालं आणि त्याच महिन्यात दोन नव्या सिस्टिम उभ्या राहिल्या. मॅट मॅकल यांच्या मर्क्युरियलने रेव्हलॉग हा फॉरमॅट निवडला. यात फाईलच्या शेवटी फक्त भर पडते, आणि बदलांची साखळी फार लांबली की मध्ये एक पूर्ण प्रत ठेवली जाते.

लिनस टोरवाल्ड्स यांच्या गिटने वेगळी वाट धरली. बदल साठवायचेच नाहीत. प्रत्येक वेळी अख्खा मजकूर ठेवायचा आणि मजकुराचा शा-१ हॅश, म्हणजे मजकुरावरून ठरावीक रीतीने काढलेला ठसा, हेच त्याचं नाव. ‘हॅलो’ एवढीच इंग्रजी ओळ असलेली फाईल घ्या. गिट तिच्यापुढे ‘ब्लॉब’ हा शब्द, ६ हा आकार आणि एक शून्य बाइट जोडतं, मग हॅश काढतं. तो ‘सीई०१३६२५’ असा सुरू होतो, जगातल्या शा-१ वापरणाऱ्या कुठल्याही रेपॉझिटरीत. फाईलचं नाव ब्लॉबमध्ये नसतं; ते ‘ट्री’मध्ये, म्हणजे फोल्डरच्या यादीत, असतं. म्हणून नाव बदललं तरी मजकूर तोच राहतो. गिट नावबदलाची नोंदच ठेवत नाही. बघायच्या वेळी मजकुराच्या साम्यावरून तो ओळखतं.

सुरुवातीला हॅश काढायचे ते जागा वाचवण्यासाठी मजकूर आकसल्यानंतरच्या (कॉम्प्रेस केल्यानंतरच्या) बाइटचे. त्यामुळे नाव आकसण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहिलं असतं. काही दिवसांतच हे बदलून आकसण्याआधीच्या मजकुराचा हॅश घेतला जाऊ लागला आणि तोवरच्या रेपॉझिटरी रूपांतरित कराव्या लागल्या. वापरणारे मूठभर होते म्हणूनच ते इतक्या लवकर उरकलं.

जागेचा प्रश्न मात्र लगेच समोर आला. कर्नल गिटमध्ये आणताना टोरवाल्ड्स यांनी जुना इतिहास मागेच ठेवला. तो घेतला असता तर ३.२ जीबी भरला असता, असं त्या पहिल्या कमिटच्या संदेशातच लिहिलेलं आहे. यावर उपाय म्हणून त्याच वर्षी पॅकफाईल आली. एकसारखे मजकूर शेजारी आणायचे, त्यांतला एक पूर्ण ठेवायचा, बाकीच्यांचे फरक. रांग लावताना मोठा मजकूर आधी घेतला जातो आणि फाईली बहुधा वाढतच जातात, म्हणून पूर्ण राहते ती सहसा नवी आवृत्ती. टिची यांची उलटी दिशा अशी गिटच्या पोटात परत आली. फरक इतकाच की ती आता निव्वळ साठवणीची बाब आहे. पॅक पुन्हा बांधला तरी इतिहासाला धक्का लागत नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या. वेबकिट या ब्राउझर-इंजिनच्या प्रकल्पाच्या सबव्हर्जन रेपॉझिटरीत त्या दोन्ही टाकल्या गेल्या आणि तिचं काम अडलं. गिटमध्ये त्याच दोन फाईलींचे हॅश वेगळे येतात, कारण हॅश काढण्याआधी पुढे जोडलेला तो छोटासा ‘ब्लॉब’ मथळा आकडेमोडच बदलून टाकतो. पण हे संरक्षण योगायोगाचं होतं. मथळा गृहीत धरून मुद्दाम तशी जोडी घडवणं खर्चिक असलं तरी अशक्य नव्हतं. म्हणून गिट २.१३ मध्ये अशी टक्कर ओळखणारा शा-१ डीफॉल्ट झाला आणि २०२० मध्ये २.२९ सोबत शा-२५६ हा नवा हॅश प्रायोगिक स्वरूपात आला.

तरीही नव्या हॅशकडे जाणं संथ आहे, आणि कारण पुन्हा फॉरमॅटमध्येच सापडतं. प्रत्येक ट्रीमध्ये आतल्या फाईली-फोल्डरांचे हॅश २० बाइटच्या रूपात कोरलेले असतात आणि प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा हॅश असतो. एक बदलला की वरचे सगळे बदलतात, त्यांवरच्या डिजिटल सह्या बाद होतात आणि जुन्या चर्चांत, बगच्या नोंदींत लिहिलेले हॅश कुठेच पोचत नाहीत. गिट ३.० मध्ये नव्या रेपॉझिटरीसाठी शा-२५६ डीफॉल्ट करायचं प्रकल्पाने ठरवलं आहे. आधीच्या रेपॉझिटरी मात्र २००५ मध्ये ठरलेल्या नावांनिशीच चालू राहतील.