'डोळे आले' म्हणजे नेमके काय आले?

मराठीत ताप येतो, अंगावर पित्त येते, पूर्वी देवी यायच्या. जो रोग आला, तोच वाक्याचा कर्ता. 'डोळे आले' आणि 'तोंड आले' या दोन प्रयोगांत मात्र अवयवच 'येतो'. दोन्ही ठिकाणी बिघडते ती आतली ओली, पातळ त्वचा: तोंडात गालाच्या आतली, डोळ्यात पापणीच्या आतून वळून पांढऱ्या भागावरून बुबुळाच्या कडेपर्यंत गेलेली. शरीरशास्त्र न शिकलेल्या बोलीने या दोघांना एकाच साच्यात बसवले, हे दाद देण्याजोगे आहे.

डोळ्यातली ही त्वचा पापणी आणि नेत्रगोल यांना जोडते, म्हणून लॅटिनमध्ये ती 'कंजंक्टिव्हा', जोडणारी. डोळे येण्याच्या 'कंजंक्टिव्हायटिस' या वैद्यकीय नावात पुढे लागणारा 'आयटिस' ग्रीक. त्याचा मूळ अर्थ 'अमक्यासंबंधीचा' एवढाच. 'रोग' हा शब्द अध्याहृत असे. दाहयुक्त सूज हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठी परिभाषेत त्यासाठी 'शोथ' आहे, आणि शोथ म्हणजे संसर्ग नव्हे. परागकण, धूर, चुन्याचा कण यांनीही कंजंक्टिव्हायटिस होतो. जंतू नसतानाही अँटिबायोटिकचे थेंब घातले जातात ते हा फरक सुटल्यामुळे.

आयुर्वेदातला शब्द 'अभिष्यंद'. 'स्यंद्' म्हणजे पाझरणे, वाहणे. नाव लालीवरून नव्हे, स्रावावरून पडले. सुश्रुतसंहितेत वात, पित्त, कफ आणि रक्त असे त्याचे चार प्रकार आहेत. त्याच ग्रंथाच्या निदानस्थान या विभागातील एका प्रसिद्ध श्लोकात कुष्ठ, ज्वर आणि शोष (क्षय) यांच्याबरोबर नेत्राभिष्यंद माणसाकडून माणसाकडे जातो असे म्हटले आहे, आणि मार्गही मोजले आहेत: अंगस्पर्श, एकत्र जेवणे, एका अंथरुणावर झोपणे, दुसऱ्याची वस्त्रे, माळा आणि लेप वापरणे. वस्त्राच्या जागी टॉवेल आणि लेपाच्या जागी काजळ घातले तर आजची सूचना तयार होते.

युरोपात अशा सगळ्या लाल, वाहत्या डोळ्यांना बराच काळ एकच नाव होते, 'ऑप्थॅल्मिया'. नेपोलियनच्या 1798 च्या इजिप्त मोहिमेत हजारो सैनिकांचे डोळे गेले किंवा अधू झाले. परतलेल्या फौजांबरोबर रोग युरोपभर पोचला. 1805 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेले आजचे मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालय याच साथीच्या पार्श्वभूमीवर उभे राहिले. 'इजिप्शियन ऑप्थॅल्मिया' या एका नावाखाली खुपरी, गोनोरिया या लैंगिक रोगाचा डोळ्यातला संसर्ग आणि साधे जिवाणूजन्य डोळे येणे असे निदान तीन रोग दडलेले होते.

ते सुटे झाले जंतू सापडल्यावर. जर्मन डॉक्टर नायसरने 1879 मध्ये गोनोरियाचा जंतू दाखवला. पटकीच्या जंतूच्या शोधात इजिप्तला गेलेल्या जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉखला 1883 मध्ये तिथल्या पुवाळलेल्या डोळ्यांत वेगळाच बारीक दंडाणू दिसला. त्याच सुमारास लाइपझिगमध्ये प्रसूतितज्ज्ञ क्रेडेने प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यात 2 टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब घालायला सुरुवात केली. जन्मताना आईकडून लागणाऱ्या डोळ्यांच्या दाहाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते, ते एक टक्क्याच्याही खाली आले. गंमत अशी, की त्या थेंबानेच अनेक बाळांचे डोळे एकदोन दिवस लाल होत. तोही कंजंक्टिव्हायटिसच, रासायनिक.

विषाणूंची पाळी विसाव्या शतकात आली. 1969 मध्ये घानात डोळ्यात रक्त उतरवणारी साथ पसरली. अपोलो 11 नुकतेच चंद्रावर जाऊन आले होते, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो' म्हटले. 1971 मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर ती बंगालमध्ये गाजली आणि तिचे नाव 'जय बांगला' पडले. त्याच वर्षी ती मुंबईतही होती. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी पायातली शक्ती गेलेले मोजके रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. कारण एंटेरोव्हायरस 70, पोलिओच्याच कुळातला.

आज आपल्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या साथींत बहुधा ॲडिनोव्हायरस किंवा एंटेरोव्हायरस असतात. एंटेरोव्हायरसची लक्षणे एकदोन दिवसांत दिसतात, ॲडिनोव्हायरसला साधारण 5 ते 12 दिवस लागतात. रुग्णाकडे नुसते पाहून काही होत नाही. काळ्या चष्म्याने उजेड सुसह्य होतो, लागण थांबत नाही. ती होते हात, रुमाल आणि ड्रॉपच्या बाटलीच्या टोकातून. पाण्यासारखा स्राव बहुधा विषाणूचा, पापण्या चिकटवणारा दाट पिवळा-हिरवा जिवाणूंचा, प्रचंड खाज आणि तारेसारखा चिकट स्राव ॲलर्जीचा. पण हे अंदाजच, सरमिसळ नेहमीची.

शब्दाचा खरा घोटाळा इथे होतो. बोलीत अजूनही कोणताही लाल डोळा 'आलेला' असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज असेल तर तो केरॅटायटिस. आतल्या गडद थराला असेल तर युव्हायटिस (सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून लॅटिन 'उव्हा', द्राक्ष). साध्या डोळे येण्यात चिपडे पुसल्यावर नजर स्वच्छ असते आणि खुपते, पण खोल दुखत नाही. ठणका, उजेड अजिबात न सोसणे, नजर अंधूक, लाली बुबुळाभोवती कड्यासारखी, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा रुग्ण, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. घरात उरलेला स्टिरॉइडचा ड्रॉप तर मुळीच घालू नये: हर्पिस विषाणूचा व्रण असेल तर लाली ओसरते, आराम वाटतो आणि आत व्रण पसरत राहतो.