तलवार ठेवून नांगर: इंग्लंडमधल्या व्हायकिंगांची पार्श्वभूमी

अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजी सालवार बखरीत इ. स. ८७६ खाली एक छोटीशी नोंद आहे. स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांचा पुढारी हाफडान याने उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया राज्याची जमीन आपल्या लोकांना वाटून दिली आणि ती माणसे नांगरट करून पोट भरू लागली, असे तीत म्हटले आहे. त्याआधीची ऐंशीएक वर्षे याच बखरीत ह्या लोकांच्या नावाने जाळपोळ, कत्तल आणि तहाच्या बोलण्यांखेरीज फारसे काही सापडत नाही. व्हायकिंगांच्या साऱ्या इतिहासात मला ही नोंद सर्वात मोलाची वाटते.

सुरुवात अर्थातच लुटीची. ८ जून ७९३ रोजी ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला गेला. संत कथबर्टची समाधी तिथे होती, त्यामुळे सगळा ख्रिस्ती युरोप हादरला. फ्रँक राजा शार्लमेनच्या दरबारी असलेल्या अल्क्विन या विद्वानाने तिथल्या बिशपला आणि नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्रे लिहून दुःख कळवले. मठात सोन्याचांदीची पात्रे होती, राखण नव्हती, कारण देवाच्या घरावर कोणी हात टाकील अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. त्यात व्हायकिंगांचे जहाज उथळ पाण्यातही चालणारे. त्याला बंदर लागत नसे. वाळूवर ओढावे, काम उरकावे, शिडे उभारावीत. नदीतून ते आत खोलवरही जाई.

पुढची सत्तर वर्षे हेच चालले. मग ८६५ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पूर्व अँग्लियात त्यांची मोठी फौज उतरली. तिथून घोडे मिळवून पुढच्या वर्षी तिने यॉर्क घेतले. आपल्याकडे पावसाळा संपला की मोहिमेवर निघत, तशी ही हंगामी स्वारी नव्हती. ही माणसे हिवाळ्यालाही परत गेली नाहीत. लिंकनशरमधल्या टॉर्क्सी इथे ८७२-७३ च्या हिवाळ्यात त्यांचा तळ होता. तिथल्या शेतात दिरहम या अरबी चांदीच्या नाण्यांचे तुकडे, वजने आणि खेळातल्या शिशाच्या सोंगट्या सापडल्या आहेत. सूत कातायच्या चात्यांची वजनेही आहेत. म्हणजे तो नुसता लढणाऱ्यांचा तळ नसावा. तिथे व्यापार चालत होता, कपडे होत होते.

यानंतर दोन वर्षांत फौज फुटली. हाफडान उत्तरेला गेला. दुसरा पुढारी गुथ्रम दक्षिणेत आल्फ्रेड या इंग्रज राजाशी लढत राहिला, ८७८ मध्ये एडिंग्टनला हरला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे तहात सीमा ठरली. तिच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या प्रदेशाला नंतर डेनलॉ म्हणजे डेन लोकांच्या, म्हणजे या व्हायकिंगांच्या, कायद्याचा मुलूख म्हणू लागले.

तिथली गावे आजही बोलतात. ‘बी’ म्हणजे वस्ती: ग्रिम्सबी ही ग्रिमची वाडी. नॉर्थवर्दीचे नाव बदलून डर्बी झाले. विंडो हा इंग्रजी शब्द व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला, मूळचा ‘वाऱ्याचा डोळा’. नाइफ, एग, स्काय हेही त्यांचेच. हजबंडचा मूळ अर्थ तर सरळ आपल्या ‘घरधनी’सारखा आहे. शत्रूकडून माणूस लढाईचे शब्द घेईल. सुरी, अंडे आणि नवऱ्याचा शब्द घ्यायला शेजार लागतो, सोयरीक लागते.

ती वस्ती जवळून पाहायची तर यॉर्कच्या कॉपरगेटला जावे. इथल्या ‘गेट’चा अर्थ दरवाजा नव्हे, रस्ता, नॉर्स ‘गाता’. कॉपरगेट म्हणजे प्याले करणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले. जमीन ओली, तिच्यात हवा शिरत नव्हती, म्हणून दहाव्या शतकातले लाकूड, चामडे, लोकरही टिकले होते. कुडाच्या घरांचे अवशेष निघाले आणि लाकूड फिरवून कोरायच्या चरकावर प्याले कोरताना उरलेले लाकडी गाभेही निघाले. आळीचे नाव खरे ठरले! दूरदेशीच्या रेशमाची टोपी मिळाली, तांबड्या समुद्राकडची एक कवडी मिळाली.

९५४ मध्ये यॉर्कचा शेवटचा नॉर्स राजा एरिक याला हाकलून दिले गेले आणि राज्य इंग्लंडच्या राजाकडे गेले. कारागीर मात्र आळीतच राहिले. त्यांच्यापैकी कुणाचा तरी, एकाच सुईने फासात फास ओवून विणलेला लोकरीचा मोजाही त्या चिखलात मिळाला. एका पायाचा.