कच्ची जमीन पक्की कशी होऊ लागली

सॉइल रिपोर्टात ‘धारणक्षमता कमी, जमीन सुधारणा आवश्यक’ असा शेरा आला, म्हणजे माती इमारतीचं वजन पेलायला कच्ची आहे, आधी तिची ताकद वाढवा, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग सरळ पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, का नाही मारत? प्रश्न रास्त आहे. वरची माती बिनकामाची मानायची, तिच्यातून आरपार खाली जायचं आणि टणक थर गाठायचा, ही वाट कोणालाही सहज सुचते. पण त्याच मातीला कामाला लावायचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत. फक्त ते का जमतात आणि का फसतात, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: जमीन दलदलीची असेल तर खोदून साफ करा, आल्डर, ऑलिव्ह किंवा ओकचे जाळून काळे केलेले खांब दाटीने ठोका आणि मधल्या जागेत कोळसा भरा. व्हेनिसमध्ये पुढे तेच झालं. तिथले बरेचसे लाकडी खांब जेमतेम दोन-तीन मीटरचे आहेत, कुठल्या खडकाला टेकलेले नाहीत. ते एकमेकांना खेटून ठोकले की मधला गाळ दाबला जातो आणि घट्ट होतो. म्हणजे नावाला पाइल, काम मात्र जमीन सुधारणेचं.

फ्रान्समधल्या दिएप बंदरात १८०२ साली शार्ल बेरिन्यी या अभियंत्याने पाण्याने पोखरलेल्या बांधकामाखाली चिकणमाती आणि चुन्याचं मिश्रण दाबाने भरलं. आजच्या ग्राउटिंगचा तो आरंभ मानतात.

या सगळ्यात पिसाचा मनोरा मला जास्त शिकवून जातो, आणि तो कलला म्हणून नव्हे, तर पडला नाही म्हणून. काम ११७३ मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापाशी ११७८ च्या सुमारास थांबलं. पुन्हा हात लागला तो १२७२ मध्ये. काम सलग चाललं असतं तर खालच्या मऊ चिकणमातीने तेव्हाच दगा दिला असता, असं नंतरच्या अभ्यासकांचं गणित सांगतं. मधल्या नव्वदेक वर्षांत, त्या अर्धवट मनोऱ्याच्या वजनाखाली चिकणमातीतलं पाणी हळूहळू बाहेर पडलं आणि ती पुढचं ओझं पेलण्याइतकी घट्ट झाली. हे कोणी ठरवून केलं नव्हतं.

याचं गणित मांडलं कार्ल टेरझागी यांनी. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्यांनी प्रयोग केले आणि १९२५ मध्ये मृदा-यांत्रिकीवरचा आपला जर्मन ग्रंथ छापला. प्रयोग दिसायला साधा. चिकणमातीची २० मिलिमीटर जाडीची चकती कड्यात बसवायची, वर-खाली पाणी झिरपू देणारे दगड ठेवायचे, वजन टाकायचं आणि चकती किती दबली ते दाखवणारा डायलचा काटा बघत बसायचं. वजन टाकल्याक्षणी ते सगळं पाण्यावर येतं, मातीच्या कणांवर नाही. पाणी जसजसं निसटतं तसतसा भार कणांवर उतरतो, काटा सरकतो आणि माती ताकद धरते.

खरी मेख वेळेत आहे. पाण्याला बाहेर पडायला जेवढं अंतर कापावं लागतं, त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ लागतो. चकतीत ते अंतर १० मिलिमीटर, तर वर-खाली दोन्हीकडे वाट असलेल्या १० मीटर जाडीच्या थरात ५ मीटर: पाचशे पट. वेळ मग अडीच लाख पट! प्रयोगशाळेत एका तासात होणारं काम साइटवर २८ वर्षं घेईल. भराव टाकून दोन महिन्यांत बांधकाम सुरू करू म्हणणाऱ्याला एवढा एकच हिशेब दाखवावा.

उपाय त्याच सूत्रात दडलेला होता. थराची जाडी आपल्या हातात नाही, पण पाण्याची वाट छोटी करता येते. अमेरिकेत डॅनियल मोरान यांनी वाळूने भरलेल्या उभ्या निचरा-विहिरींचं पेटंट १९२६ मध्ये घेतलं. स्वीडनच्या वाल्टर शेलमान यांनी वाळूऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोचायला सुरुवात केली. आज साइटवर दिसतात त्या साधारण १० सेंटीमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांचीच पुढची पिढी. पट्ट्या दोनेक मीटरवर असल्या की पाण्याला मीटरभरच जावं लागतं, आणि मघाची २८ वर्षं एका वर्षाच्या आसपास येतात. शेलमान यांनी १९५२ मध्ये आणखी एक गंमत मांडली: भरावच नको, जमिनीवर हवाबंद आवरण घाला आणि खालची हवा पंपाने ओढून घ्या. मग बाहेरच्या हवेचा दाबच भरावाच्या वजनाचं काम करतो; व्यवहारात तो चारेक मीटर भरावाइतका मिळतो.

वाळूचं दुखणं वेगळं. तिच्यातून पाणी झटकन जातं; अडचण असते ती कणांच्या विस्कळीत रचनेची. १९३० च्या दशकात जर्मनीत योहान केलर यांच्या कंपनीने जमिनीत खोल शिरून थरथरणारा दांडा बनवला. त्या हादऱ्यांनी वाळूचे कण खाली बसतात, डबा ठोकल्यावर रवा बसतो तसे. चिकणमातीत मात्र दांडा नुसताच थरथरत राहतो. म्हणून १९५० च्या दशकात त्याच भोकात खडी ठासायला सुरुवात झाली, तेच आजचे स्टोन कॉलम. पुढे फ्रान्सच्या लुई मेनार यांनी क्रेनने दहा-वीस टनांचं वजन उंचावरून आपटायची धसमुसळी पद्धत रूढ केली. शेजारी इमारत असेल तर तिचं नावही काढू नये.

सैल वाळू काय करू शकते हे १६ जून १९६४ ला जपानमधल्या निईगाता शहरात दिसलं. भूकंपात पाण्याने भरलेली वाळू काही काळ द्रवासारखी वागली आणि कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली काँक्रीटच्या इमारती कलंडल्या, एक तर जवळजवळ आडवीच झाली. इमारतींचा सांगाडा बहुतांशी शाबूत होता. त्याच शहरात आधी दाटवलेल्या वाळूवरच्या तेलटाक्या बऱ्यापैकी तगल्या. त्यानंतर जमीन सुधारणा हा भूकंपाच्याही हिशेबाचा भाग झाला. चुना किंवा सिमेंट जमिनीत खोलवर कालवण्याची पद्धत जपान आणि स्वीडनमध्ये १९६७ च्या सुमारास जवळपास एकाच वेळी विकसित होऊ लागली.

या विद्येची मर्यादाही जपानमध्येच दिसते. ओसाका उपसागरात भराव टाकून उभारलेला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये खुला झाला. समुद्रतळाच्या सुमारे २० मीटर मऊ थरात वाळूचे निचरे घातले होते आणि तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर बसला. त्याच्याखालच्या जुन्या चिकणमातीपर्यंत निचरे पोचू शकत नव्हते. ती अजूनही दबते आहे, आणि बेट आतापर्यंत दहा मीटरहून जास्त खचलंय. टर्मिनलच्या खांबांखाली त्यासाठी आधीच जॅकची सोय ठेवली होती: खांब उचलायचा, खाली पोलादी पत्रा सरकवायचा आणि पुढच्या खांबाकडे जायचं.